मागच्या खोलीतला गारवा

१

डोंगर उतरून खाली, सपाटीवरच्या या उकाड्याच्या सांताक्रूझ शहरात आल्यापासून मी दिवसातून तीनदा आंघोळ करते. वर डोंगरात होतो तेव्हा आठवड्यातून एकदा करायचे, तीही ऊन असेल तर. हे इथे मी कुणाला सांगत नाही. इथल्या बायकांचा तसाही समज आहे की आम्ही वरचे लोक, म्हणजे त्यांच्या तोंडी 'कोया', पाण्याला भितो. सुरुवातीला बाजारात माझ्या शेजारी उभी राहिलेली बाई हळूच नाकाला पदर लावल्यासारखं करायची, आणि मी घरी येऊन अंग घासघासून लाल करायचे.

पहिलं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. पाय सुजायचे, मानेवर घामोळं, दुपारी डोळे मिटायचे आणि उठल्यावर वाटायचं की कुणीतरी ओल्या घोंगडीत घालून ठेवलंय. दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले. चुण्यांचा लोकरी घागरा पेटीत टाकला, अर्धी चड्डी घेतली, वेण्या कापल्या. वाक्याचा शेवट इथल्यासारखा लांबवायला शिकले. मुलगी झाली तेव्हा तिचं नाव मायलिन ठेवलं, कारण आमच्या गल्लीत आधीच दोन मायलिन होत्या. नवरा, फोर्तुनातो, वेल्डिंगच्या दुकानात कामाला. तो म्हणायचा, "तू तर आता माझ्यापेक्षा इथली झालीस." मला ते ऐकायला फार आवडायचं.

मग ऐन ऑक्टोबरात, उकाड्याने कुत्री गटारात बसतात त्या दिवसांत, सासूबाई आल्या.

सासरे गेल्यावर त्या वर एकट्याच राहिल्या होत्या. फोर्तुनातोने आणायचं ठरवलं आणि मी हो म्हटलं, नाही म्हणणार तरी कशी? बसमधून आसुंताबाई उतरल्या त्या एकावर एक चार घागरे, लोकरी शाल, टोपी आणि बटाट्यांचं पोतं घेऊन. स्टँडवरची माणसं वळून वळून बघत होती. एक पोरगा ओरडला, "आजीबाई, बर्फ पडतोय का?" त्यांना काही कळलं नाही, त्या त्याच्याकडे बघून हसल्या. मी पोरीला कडेवर घेऊन त्यांच्या दोन पावलं मागे चालत राहिले, म्हणजे बघणाऱ्याला आम्ही बरोबर आहोत असं वाटू नये.

त्यांना आम्ही मागची खोली दिली. वर पत्रा आणि पश्चिमेची भिंत, दुपारी हात ठेववत नाही अशी. आत गेल्या गेल्या त्यांनी खिडकी लावून घेतली, फटींत चिंध्या कोंबल्या, दारावर घोंगडी टांगली.

"अहो आई, वारा यावा म्हणून तर खिडकी असते इथे," मी म्हटलं.

"वाऱ्याचं काही नाही गं. वाऱ्यामागून येतो त्याचं काय?"

मग पोत्यातलं डोंगरी गवत त्यांनी जमिनीवर पसरलं आणि त्यावर बारके बटाटे एकेक करून मांडले. वर जूनमध्ये, ऐन थंडीच्या दिवसांत, आम्ही असेच मांडतो. उघड्यावर, रात्रभर. दंवात ते गोठतात, सकाळी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचं, उन्हात वाळवायचं, की झाला चुन्यो. दहा वर्षं टिकतो. पण त्याला हाडं फोडणारी थंडी लागते. इथे बटाटा बाहेर ठेवला तर तिसऱ्या दिवशी त्यात अळ्या होतात.

फोर्तुनातो आणि मी स्वयंपाकघरात तोंडावर हात ठेवून हसलो.

२

सकाळी मी त्यांना चहा द्यायला गेले. घोंगडी बाजूला केली आणि अंधारात माझा पाय एका बटाट्यावर पडला. तो फुटला नाही. मीच घसरले, भिंतीला धरून कशीबशी उभी राहिले. तळव्याला कळ लागली होती. ही कळ माझ्या ओळखीची होती. लहानपणी अनवाणी शेतात जायचे तेव्हाची.

मी वाकून एक बटाटा उचलला. तो गोट्यासारखा टणक होता आणि त्याच्या सालीवर पांढरी भुकटी धरली होती. माझ्या बोटांच्या उबेने ती तिथल्या तिथे विरघळली.

फ्रीझर, मी मनात म्हटलं. माझा एक जुना फ्रीझर आहे पुढच्या खोलीत. त्यात रसाच्या पिशव्या गोठवते आणि खिडकीतून विकते, बर्फही विकते. म्हातारीने पहाटे उठून बटाटे त्यात टाकले आणि परत आणून मांडले, दुसरं काय? मी जाऊन झाकण उघडलं. आत झाकणापर्यंत पिशव्या होत्या, मीच रचल्या होत्या तशाच. बटाटे होते अख्ख्या खोलीभर.

"आई, हे तुम्ही त्या फ्रीझरमध्ये ठेवले होते का?"

"तुझ्या त्या पेटीत?" त्या चहा फुंकत म्हणाल्या. "पेटीतली थंडी ती. ती कुणाच्या ओळखीची?"

"मग हे गोठले कसे?"

"तो आलाय ना."

"कोण?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बापाचं नावच विसरले होते. "गाडीत बसले तेव्हाच मला कळलं, हा मागोमाग येणार. तुम्ही सगळे उतरून आलात खाली. वरची घरं रिकामी. मी होते तोवर माझ्या अंगणात यायचा. एकटा काय करेल बिचारा?" मग आवाज बारीक करून, "त्याला काहीतरी दिलं की गप बसतो. तू नको काळजी करू."

मला वाटलं, सासऱ्यांबद्दल बोलतायत. म्हाताऱ्या माणसाचं मन नवरा गेल्यावर असं कुठेही भरकटतं. काल आपण हसलो याची लाज वाटली आणि त्या लाजेत बटाट्यांचा प्रश्न मी सोडून दिला. सोयीचंच होतं ते.

त्यांनी घागरे गुडघ्यापर्यंत खोचले आणि बटाटे तुडवायला सुरुवात केली. करकर, करकर आवाज येत राहिला. काळं पाणी दाराखालून वाहत स्वयंपाकघरापर्यंत आलं. त्याला जो वास होता तो मी इतकी वर्षं अंगावरून घासून काढत आले होते.

३

आमच्या मागच्या भिंतीला लागूनच एर्लिंदाबाईंचं अंगण. या बाई म्हणजे गल्लीचं तोंड. मोठ्या मनाच्या, मोठ्या आवाजाच्या, कुणाच्या घरात काय शिजतंय ते वासावरून सांगणाऱ्या. त्यांचा झोपाळा आंब्याखाली असायचा. एक दिवस पाहते तर आमच्या भिंतीला खेटून टांगलेला. शेजारी त्यांचं मांजर भिंतीला पाठ लावून पसरलेलं.

"काय गं हिलारिया!" त्या आडव्याच राहून ओरडल्या. "चोरून चोरून एसी बसवलात होय? भिंत कशी गार गार लागतेय. मी तर आता इथून हलतच नाही."

मी भिंतीला हात लावला. दुपारचे दोन वाजले असतील, ऊन थेट तिच्यावर होतं. विहिरीतल्या दगडासारखी ओली आणि गार होती ती.

मी काय बोलायला हवं होतं? 'नाही बाई, आमची म्हातारी जमिनीवर बटाटे मांडते आणि ते गोठतात'? मी म्हटलं, "हो, बसवला. सासूबाईंना सोसत नाही ना."

"अगं बाई! कोया लोक आणि एसी! आम्हाला परवडत नाही आणि तुम्ही... दाखव तरी एकदा."

"दाखवेन की. सध्या खोलीत पसारा आहे."

माझी छाती जरा फुगलीच. गल्लीत एसी असलेलं आमचं पहिलं घर. संध्याकाळपर्यंत ही बातमी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचली होती.

कारणं मी शोधत होते, नाही असं नाही. भिंतीआड पाण्याची पाईप फुटली असेल. खिडक्या बंद, ऊन आत येत नाही, म्हणून गारवा धरला असेल. फोर्तुनातोला विचारलं तर म्हणाला, "बरंय की, आईला झोप लागते." तो त्या खोलीत फार वेळ थांबत नसे. दारातून चौकशी करायचा आणि दंडावरून हात फिरवत परत यायचा.

सासूबाई मात्र खूश होत्या. गालांवर लाली होती. मायलिन त्यांच्याकडे गेली की त्या तिला लोकरी दुपट्यात घट्ट गुंडाळायच्या, वरून विणलेल्या पट्ट्याचे वेढे. हात आत, पाय आत, बाहेर फक्त तोंड. वर आम्ही सगळीच पोरं अशी वाढलो. मीसुद्धा. त्यांच्या मांडीवर ती ओंडक्यासारखी पडून गाढ झोपायची, आणि मी बर्फ विकायला मोकळी. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं, बाहेरचं कुणी बघत नाही तोवर.

४

दवाखान्यात पोरीला टोचायला न्यायचं होतं. उशीर झालेला, सासूबाईंनी तिला गुंडाळूनच माझ्या हातात दिली आणि मी तशीच निघाले. वाटेत पट्टा सोडू म्हटलं, पण बसला गर्दी होती.

रांगेत सगळ्या इथल्याच बायका. त्यांची पोरं लंगोटावर, काहींना तोही नाही. नर्सने आमचं गाठोडं टेबलावर घेतलं आणि पट्टा सोडायला लागली. एक वेढा, दुसरा वेढा, संपेचना. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी आहे का हुमिंता? मक्याच्या पानात बांधून उकडायला निघालीस होय!"

हशा पिकला. दुपटं निघालं तर मायलिनच्या पाठीवर घामोळं फुललेलं, मानेच्या वळीत पिकलेलं.

"तुम्हाला अक्कल आहे का?" नर्स म्हणाली. ती तरुण होती, वाईट नव्हती, घाबरली होती. "वर डोंगरावर ठीक आहे. इथे अशानं पोर मरतं. किती वर्षं झाली तुम्हाला इथे येऊन?"

मी माझ्या अर्ध्या चड्डीकडे, कापलेल्या केसांकडे बघत उभी राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं घासून पुसून मी जी कुणी झाले होते, तिला एका पट्ट्याने सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं.

घरी येताच मी चपला न काढता मागे गेले.

"आजपासून पोरीला हात लावायचा नाही! कळलं? आणि हे असलं काही माझ्या घरात चालणार नाही." मी बटाटे पायाने गोळा केले, पोत्यात भरले, काही ओले काही वाळलेले, आणि ओढत बाहेर कचऱ्यावर नेऊन टाकले. हात बधिर झाले होते. ते मी रागामुळे समजले.

सासूबाई पलंगावर बसून होत्या. भांडल्या नाहीत. मला वाटतं, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"थोडे ठेव गं," त्या म्हणाल्या. "मूठभर. बारके असले तरी चालतील. त्याला मी काय देऊ मग?"

"काही देऊ नका. उपाशी राहिला की जाईल आपोआप."

"तो जात नाही, हिलारिया. तो शोधतो." मग माझ्या कडेवरच्या पोरीकडे बघून, अगदी विनवणीने, "बरं, बटाटे नको तर नको. पण हिला उघडी ठेवू नकोस. एवढं ऐक. पट्टा बांधलेला असला की त्याला वाटतं, हे कुणाचं तरी आहे."

"दवाखान्यातले काय म्हणतात ते ऐकू का तुमचं ऐकू?" मी पोरीचा उरलेला कपडाही काढला आणि तिला लंगोटावर पुढच्या खोलीत आणून ठेवलं.

संध्याकाळी फोर्तुनातोला सगळं सांगितलं. त्याने बराच वेळ ताटात चमचा फिरवला. "तुम्ही दोघी काय ते बघा," तो म्हणाला.

५

पुढे काही दिवस काहीच घडलं नाही. सासूबाई खोलीबाहेर येईनाशा झाल्या. जेवण आत द्यायचं, ताट बाहेर यायचं. दाराची कडी सकाळी घाम आल्यासारखी ओली असायची. मी स्वतःला सांगत होते, बघ, गेलं ना सगळं.

मग एका दुपारी अख्ख्या भागाची वीज गेली. वारा नव्हता. पत्रे उन्हाने तापून कडकड वाजत होते. लोक बर्फासाठी माझ्या खिडकीपाशी लोटले आणि मीही घाईला आलेले, कारण वीज परत कधी येईल काही सांगता येत नव्हतं, सगळं पाणी होण्याआधी विकायला हवं होतं. मायलिन किरकिरत होती. मध्येच तिचा आवाज थांबला. झोपली असेल म्हटलं, आणि पिशव्या देत राहिले.

तेवढ्यात एर्लिंदाबाई गर्दीतून वाट काढत आल्या.

"हिलारिया! हे काय गौडबंगाल आहे? मी आत्ता झोपाळ्यावरून उठून आले. भिंत गार आहे तुमची! वीज नाही तर एसी कशावर चालतोय?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"ते... बॅटरी आहे," मी म्हटलं.

"बॅटरीवर एसी! अगं, मग आम्हाला जरा बसू दे की आत. ही बघ बिचारी, सातवा महिना आहे तिला. चला गं!"

मी वाटेत उभी राहिले, पण बर्फ घ्यायला आलेल्या अर्ध्या बायका स्वयंपाकघरात शिरल्याच होत्या. एर्लिंदाबाईंनी घोंगडी ओढली.

"हाय हाय! स्वर्ग आहे गं हा स्वर्ग!"

त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. त्यांनी ती पाहिली आणि लहान मुलासारख्या हसल्या. इथल्या बाईने अशी वाफ जन्मात कधी पाहिलेली नव्हती.

आत उजेड कमी होता. जमीन पांढरट दिसत होती. सासूबाई पलंगाच्या कडेला बसलेल्या, मांडीवर मायलिन. तिला त्यांनी नखशिखांत गुंडाळलं होतं, पट्ट्यावर पट्टा, तोंडावरसुद्धा दुपट्याची पातळ घडी. आणि स्वतः मात्र घागरे वर घेऊन उघडे पाय त्यांनी गवतावर टेकवले होते. जिथे बटाटे असायचे तिथे.

ते पाय मी पाहिले. घोट्याखाली काळे झाले होते, सुरकुतून बारीक. चुन्योसारखे, सालीसकट. मला दुसरा शब्द सुचत नाही. पाणी काढून घेतल्यासारखे.

आणि त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, गवत दबलेलं होतं. कुणी उकिडवं बसलं की दबतं तेवढंच. मी बघत असताना त्याच्या पुढच्या दोन काड्या खाली गेल्या. मी डोळे मिचकावले. बायकांच्या पायांनी हललं असेल, जमीन हलली असेल. पण बायका अजून दारातच होत्या.

"अगं, हे काय!" गर्भार बाई ओरडली. तिचं लक्ष पोरीकडे गेलं होतं. "पोरीला कोंडून मारतेय की ही म्हातारी!"

"हिलारिया, तू तर म्हणाली होतीस, तुमच्याकडे असलं काही करत नाहीत आता," एर्लिंदाबाई म्हणाल्या. दवाखान्यातली गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली असणारच. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटलं होतं, आणि ते मला जास्त लागलं.

माझे कान तापले. मी पुढे झाले आणि पोरीला सासूबाईंच्या मांडीवरून ओढलं. त्यांनी सोडलं नाही. त्यांचे हात थंड आणि आश्चर्य वाटावं इतके घट्ट होते.

"हिलारिया, नको," त्या आमच्या बोलीत, हळू आवाजात म्हणाल्या. "ह्या बायकांना जाऊ दे. मग सोड. पट्टा आत्ता सोडते असं खोटं सांगते हवं तर. मग त्या जातील."

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. स्टँडवरचं, दोन पावलं मागे चालल्याचं, सगळं.

मी पोरगी हिसकावून घेतली आणि सगळ्यांसमोर पट्टा सोडला. वेढ्यावर वेढा. मुद्दाम भराभरा, दाखवून. दुपटं जमिनीवर टाकलं. मायलिनने हात पसरले, पाय झाडले, खदखदून हसली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा कशी मोकळी झाली!"

माझ्या मागे गवत करकरलं. दोनदा. सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या, मी त्यांच्याकडेच बघत होते. त्या माझ्या खांद्यामागे बघत होत्या.

मायलिनचा डावा पाय हवेत थांबला. उजवा ती अजून झाडत होती. डावा तसाच राहिला, कुणीतरी करंगळीशी धरल्यासारखा. तिचं हसू एकदम गेलं आणि ती रडलीही नाही. डोळे मोठे करून आपल्या पायाकडे बघत राहिली.

मी तिला छातीशी घेऊन बायकांना ढकलत अंगणात पळाले, भर उन्हात.

"काय झालं गं हिला?" मागून एर्लिंदाबाई.

"काही नाही," मी म्हटलं. "आत फार गार होतं."

६

सासूबाई त्यानंतर उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, वयामुळे पायांपर्यंत रक्त पोचत नव्हतं, आधी का नाही आणलंत. काही दिवसांतच त्या गेल्या. वरच पुरायचं म्हणून शवपेटी गाडीवर चढवली आणि आपल्या भावाबरोबर फोर्तुनातो वर गेला. पोरगी लहान म्हणून मी मागे राहिले, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं.

मागची खोली आता इतर खोल्यांसारखीच तापते. काल तर भट्टी झाली होती. परवा मी बाजारातून बारके बटाटे आणले, गवतावर एकेक मांडले, अगदी त्यांच्यासारखे. दोन दिवसांत ते सडले आणि माश्या झाल्या. आज सकाळी वेचून टाकले.

मायलिनच्या डाव्या पायाची करंगळी पांढरी आहे. घासली तरी, उन्हात धरली तरी. बाकीच्या अंगाला घाम येतो. आज तिच्या पाळण्यावरची मच्छरदाणी मी बाजूला करायला गेले तर ती पुठ्ठ्यासारखी कडक लागली. मग हातात मऊ झाली आणि बोटं ओली झाली. उकाडा इतका होता की मला काही सुचेना. दमट हवेने झालं असेल, मी मोठ्याने म्हटलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

करंगळीशेजारचं बोट दुपारपर्यंत पांढरं झालं.

तेव्हा मी कपड्यांची पेटी उघडली. दुपटं काढलं, पट्टा काढला. पट्टा बांधायला हात लगेच बसले, मी कधी कुणाकडून शिकले तेही आठवत नाही. हात आत, पाय आत, वेढ्यावर वेढा. तोंडावर पातळ घडी. मागच्या खोलीत जाऊन खिडकी लावली, फटींत चिंध्या घातल्या, दारावरची घोंगडी ओढून घेतली. पलंगाच्या कडेला बसले, पोरीला मांडीवर घेतलं आणि माझे पाय गवतावर टेकवले.

सुरुवातीला नुसताच घाम गळत होता. किती मूर्खासारखं दिसत असेल हे, मनात येत होतं. मग पत्र्याचा कडकड आवाज थांबला. माझ्या टाचांना ओळखीची कळ लागली. दुपट्यातून मायलिनच्या पायाशी मी बोट घातलं तर तिथे ऊब होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं ते बोट उबदार लागलं. मला रडू फुटलं. माझे पाय गेले तरी मला चालणार होतं, हे मी तेव्हा खरोखर मनापासून म्हटलं, आणि कुणाला तरी ते ऐकू गेलं असावं, कारण समोरचं गवत हळूच दबलं आणि तसंच राहिलं. मला जे दिसलं ते एवढंच. वर बघायचं धाडस मला झालं नाही.

"हिलारिया! अगं ए हिलारिया!"

एर्लिंदाबाई. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"कुठे आहेस? भात आणलाय तुझ्यासाठी, वर अंडं आणि केळं तळून. आणि कोण कोण आलंय बघ! दवाखान्यातली नर्सताईसुद्धा आलीय, तू नवऱ्याविना एकटी आहेस म्हटल्यावर. दुःखात माणसाने एकटं बसू नये."

पुष्कळ पावलं होती. चांगली माणसं होती, हातात जेवण घेऊन आलेली. बसू दे त्यांना तिथे, मी मनात म्हणाले. म्हणावं, झोपलेय. म्हणावं, नंतर या. तोंड उघडलं तर फक्त वाफ आली.

"आत कोंडून काय बसलीस या उकाड्यात? बाळ कुठंय?" हे नर्सने विचारलं.

मांडीवर मायलिनने सुस्कारा टाकला. ती उबदार होती. मला फक्त बसून राहायचं होतं. त्या आत येतील, बघतील, हसतील किंवा कीव करतील, आणि मी बसून राहीन, एवढंच.

दारावरच्या घोंगडीच्या कडेला एर्लिंदाबाईंची बोटं दिसली. मी खाली पाहिलं तर पट्ट्याचा पहिला वेढा सुटलेला होता. माझेच हात दुसरा सोडत होते, भराभरा, त्यांनी बघायच्या आत.